शेट्यांची बेलवांगी

टोपली खाली ठेवायच्या आधी तिनं मान वर करून दुकानाची पाटी वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत. ‘महालिंग शेटे, किराणा व भुसार.’ पाटी आजोबांच्या काळातली होती, अण्णा दर दिवाळीला तिच्यावर रंगाचा हात फिरवायचे. मी गल्ल्याशेजारी सुपारी निवडत बसले होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्ध्या तासानं मात्र तीच माझी पहिली शंका ठरली.

“काय देऊ, मावशी?” अण्णांनी विचारलं.

पन्नाशी उलटलेली बाई. धुऊन धुऊन विटलेलं निळं लुगडं, पायात रबरी चपला, कपाळ मोकळं. एस. टी. लागल्यामुळं की काय, चेहरा पांढरा पडला होता. तिनं टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

आत बेलवांगी होती, टोमॅटोला आमच्याकडं जुनी माणसं हेच म्हणतात. पण बाजारात येतात तसली लाल, गुळगुळीत नव्हेत. ही पिवळी होती, लहानशा डांगरासारखी फुगीर आणि घड्याघड्यांची. देठाशी हिरवट, मध्ये हळदीच्या रंगाची आणि बुडाकडून तांबडा रंग वर चढत आलेला. एकासारखं दुसरं नव्हतं. मी सुपारी निवडायची थांबले.

अण्णांच्या हातात तराजू होता. तो त्यांनी खाली ठेवला. एक फळ उचललं, उलटं केलं, देठाशी नाक नेऊन वास घेतला. गिऱ्हाईक समोर असताना माझ्या बापानं तराजू खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

“अक्का?” ते म्हणाले.

त्या बाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग टोपलीकडं. एवढ्या वेळात एखादं गिऱ्हाईक पावशेर साखर बांधून घेऊन गेलं असतं.

“भद्र्या,” ती म्हणाली.

अण्णा दुकानाची पायरी उतरले आणि भर बाजारपेठेत, समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत असताना, त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

मला आत्या होती हे मला ठाऊक होतं. पण घरात मोठी माणसं बोलता बोलता ज्या ठिकाणी गप्प होतात तेवढंच. गौरा तिचं नाव. अण्णांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. गावाबाहेर क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं, तिथल्या ख्रिस्ती कंपाउंडरबरोबर ती निघून गेली. आम्ही लिंगायत वाणी. आजोबांनी त्याच दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली आणि दारातली बेलवांग्याची सगळी झाडं उपटून कड्यावरून खाली टाकली. ते वाण परत पाचगणीत कुणाला दिसलं नाही. अण्णा तेव्हा सात वर्षांचे होते. आजोबा गेले, आजी गेली, आत्याचं नाव काही पुन्हा घरात निघालं नाही. आणि बेलवांगंही कधी स्वयंपाकघरात आलं नाही. आमच्याकडं आमटीला चिंचच.

तर अशी ही आत्या ऊन तापायच्या सुमाराला टोपली घेऊन हजर झाली होती.

संशय घेणं हे आमच्या आईच्या माहेरचं. मला ते दुधातून मिळालं. पुढं मला बँकेत सह्या ताडून बघायचं काम लागलं तेव्हा आई म्हणाली होती, घरबसल्या करत होतीस त्याचा आता पगार मिळणार. त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शिरलो आणि आईनं दाराला कडी घातली.

“बघितलंस?” आई म्हणाली. “उंबऱ्याला ठेचकाळली. आपला उंबरा किती उंच! नवा माणूस दरवेळी ठेचकाळतो. जन्म जिथं गेला त्या घराचा उंबरा पायाला ठाऊक नसतो होय?”

“पाटी वाचली तिनं,” मी म्हणाले. “आणि अण्णांनी अक्का म्हटल्यावर लगेच बोलली नाही.”

“आणि गळ्यात लिंग नाही. मी विचारलं. म्हणाली, त्यांच्या घरी गेले तेव्हा उतरवलं. बोलताना माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.”

“मग ते खरंही असेल.”

“खरं असतं तर डोळ्यांत पाणी आलं नसतं? लिंग उतरवणं म्हणजे काय बांगडी काढून ठेवणं आहे?”

अण्णा आत आले तेव्हा आईनं त्यांनाच धरलं. “अहो, तुम्हाला तिचा चेहरा आठवतो?”

“नाही,” अण्णा म्हणाले. ते खोटं कधीच बोलायचे नाहीत, त्यामुळं त्यांच्याशी भांडायला मजा यायची नाही. “वेणी आठवते. आणि हात.”

“मग हात ओळखलेत?”

“अगं, हात म्हातारे होतात.”

“म्हणजे काय ओळखलंत?”

“बेलवांगी ओळखली. जगात दुसरीकडं कुठं नाहीत ती.”

“तुमचं जग पाचगणीपासून वाईपर्यंत!” आई म्हणाली. “ह्या घरात आता वाटे पडायची वेळ येणार आहे, मी सांगून ठेवते. उद्या ही कोर्टाचा कागद दाखवेल.”

“दाखवू दे,” अण्णा म्हणाले. “अर्धं घर तिचंच आहे. अर्धं कशाला, माझं जे आहे ते सगळंच तिचं आहे.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. अण्णा साध्या हिंगाच्या पुडीवरही घासाघीस करणारे. हे बोलणं त्यांचं नव्हतं. बहीण परत आल्याचा आनंद मी समजू शकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद नव्हता. कुणाचं तरी फार मोठं देणं फेडायला मिळणार असल्यासारखे ते दिसत होते. ती बाई भामटी निघाली तर ह्या माणसाचं काय होईल ह्याचीच मला धास्ती वाटायला लागली.

म्हणून मी ठरवलं, हिच्यावर नजर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती परसात बसली होती. पुढ्यात टोपली, विळी, राखेचं सूप आणि जुना वर्तमानपत्राचा कागद. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तिथंच घुटमळले.

“ये की, लीला,” ती म्हणाली. “बस.”

मी बसले, पण जरा लांब.

तिनं एक बेलवांगं विळीवर आडवं कापलं. आतून ते काय दिसलं ते मला नीट सांगता येणार नाही. पिवळ्या गरात मधोमध लाल चांदणी होती आणि तिचे फाटे सगळ्या घड्यांमध्ये पसरत गेले होते. बियांभोवतीचा रस उन्हात चमकत होता. कुणी मुद्दाम बसून रंगवलंय असं वाटावं. बाजारातल्या टोमॅटोकडं मी कधी दोनदा पाहिलं नव्हतं. ह्याच्यावरून मात्र नजर हलेना.

“म्हणून तर लोक बघायला यायचे,” ती म्हणाली. “वाईहून घाट चढून यायचे.”

“कोण लोक?” मी विचारलं. बोलू द्यावं. जास्त बोलणारा माणूस कुठंतरी अडखळतोच.

आणि ती बोलत राहिली. वरच्या अंगाच्या बंगल्यात एक मडम राहायची. तिनं विलायतेहून येताना बी आणलं होतं. आजोबा तिच्याकडं तूप-साखर पोचवायला जायचे. मागच्या बागेत काठ्यांना बांधलेली ती झाडं बघून ते जागेवरच थांबले. मडम म्हणाली, खाऊन बघ. आजोबांनी कानाला हात लावले. कापल्यावर आत मांसासारखं लाल दिसणारं फळ, ते लिंगायताच्या घरात कोण खाणार? पण त्यांना त्या झाडाचा मोह काही सुटेना. म्हणाले, खायला नको, बघायला द्या. मडम हसली आणि एक रोप मातीसकट पानात बांधून दिलं. आजोबांनी ते तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि दुकानाच्या दारात ठेवलं. जास्वंद ठेवावी तसं. मग एकाचे चार डबे झाले. हंगामात पहिलं फळ रंगावर आलं की आजोबा त्याला विभूती लावायचे. दृष्ट लागू नये म्हणून झाडाला काळं फडकं बांधायचे. फळं झाडावरच पिकून गळायची. त्यातलं एक उत्तम फळ बियाला ठेवायचं, बाकीची गाईलासुद्धा घालायची नाहीत.

“गावात सगळे म्हणायचे, शेट्यांची बेलवांगी,” ती म्हणाली. “तुमचे अप्पा...”

ती थांबली.

“आमचे अप्पा,” ती म्हणाली, “फार अभिमानानं दाखवायचे.”

मी उठून वाळत घातलेलं लुगडं पुन्हा एकदा झटकलं. ‘तुमचे अप्पा.’ स्वतःच्या बापाला कुणी तुमचे म्हणतं का? शिवाय हे सगळं ती सांगत होती ते कसं, तर पाठ केल्यासारखं. न अडखळता, न आठवता. खरी आठवण सांगताना माणूस मध्येच थांबतं, हे आधी की ते आधी म्हणतं, डोकं खाजवतं. हिचं सगळं जागच्या जागी होतं.

तिनं फोडीला मीठ लावून माझ्यापुढं धरली. “घे.”

मी घेतली नाही. “आमच्याकडं खात नाहीत,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “माहीत आहे.” तिनं ती फोड स्वतःच खाल्ली, सावकाश, डोळे मिटून. मग बिया राखेत चोळून कागदावर एकेक पसरायला लागली. वाळल्या की त्या कागदाला चिकटून राहतात, मग कागदाचे तुकडे करून थेट पेरायचे, असं तिनं मला न विचारताच सांगितलं. तिच्या बोटांना त्या कामाची सवय होती. तेवढं एक मला खोटं वाटलं नाही.

मी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईनं पीठ मळता मळता ऐकलं. मग म्हणाली, “आज जेवताना मी विचारते. एकच प्रश्न विचारते.”

“कुठला?”

“तुझी आजी जायच्या आधी मला एक गोष्ट सांगून गेलीय. आता घराबाहेर ती सांगणारं कुणी उरलं नाही. तुझ्या बापालाही मी कधी बोलले नाही. हिला ती सांगता आली तर मी हिचे पाय धरीन. नाही आली तर उद्याच्या पहिल्या गाडीला बसवीन.”

संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही सगळे एकदमच जेवायला बसलो. आईनं भाकरी, झुणका वाढला, चटणीवर तेल घातलं आणि स्वतः ताट न घेता चुलीपाशी बसली. अण्णा बहिणीच्या ताटात आपल्या हातानं लोणी घालत होते.

“मी काय म्हणते,” आई म्हणाली, “तुमची वाईला सोयरीक ठरली होती ना? ती मोडली कशानं?”

“अगं, जेवताना काय हे!” अण्णा एकदम ओरडले. एवढं की मी दचकले. त्यांच्या हातातलं लोणी तसंच राहिलं.

“विचारू दे,” ती बाई म्हणाली. तिनं ताटावरचा हात काढून घेतला आणि खाली बघत बोलायला लागली.

“एका वर्षी एक फळ फार मोठं आलं होतं. अप्पांनी ते बियाला राखलं होतं, फडकं बांधून. मडमेलाही दाखवून आणलं होतं. एके दिवशी दुपारी बघतात तर फळ नाही. पायरीवर बिया पडलेल्या. अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. कुणी खाल्लं, बोला. मी म्हणाले, मी खाल्लं.”

चुलीत लाकूड तडतडलं.

“मीच खाल्लं,” ती म्हणाली. “रोज बघून बघून राहवेना. भद्र्या तापानं आत झोपला होता, आई विहिरीवर. मी तोडलं आणि तिथंच पायरीवर बसून खाल्लं. अप्पांनी चाबकानं मारलं. मग स्वामींना बोलावलं, गोमूत्र पाजलं, तीन वेळा तोंड धुवायला लावलं. लोकांना कळू नये म्हणून दारं लावून घेतली होती. तरी वाईच्या मंडळींच्या कानावर गेलं. ते म्हणाले, जी पोर आज हे खाते ती उद्या काय खाईल? आणि नारळ परत पाठवला. त्यानंतर अप्पा माझ्याशी बोललेच नाहीत. शेवटपर्यंत.”

मी आईकडं पाहिलं. आईचा चेहरा पार बदलला होता. ती उठली, हात पुसले आणि त्या बाईपुढं वाकली.

“वन्सं, मला माफ करा,” आई म्हणाली. “सासूबाईंनी हेच सांगितलं होतं. शब्दाला शब्द.”

मी आईपेक्षा चिवट, पण मीही हरले. ज्या गोष्टीचा तपशील घरातल्या चार भिंतींनीच ऐकला होता ती हिला ठाऊक होती. अगदी विहिरीपर्यंत. माझ्या सगळ्या शंका मी मनातल्या मनात पुसून टाकल्या. पाटी बिचारीनं इतक्या वर्षांनी वाचली तर काय बिघडलं? आणि इतकी वर्षं परक्या घरात राहिलेल्या बाईच्या तोंडून बापाला ‘तुमचे’ निघणारच.

अण्णा मात्र जेवले नाहीत. ताटावरून उठले आणि अंधाऱ्या दुकानात जाऊन बसले. आई म्हणाली, भरून आलं असेल, जाऊ नका कुणी.

सकाळी अण्णा दुकान न उघडता परसात आले. ती कागदावरच्या बिया उलथत होती, मी शेजारी बसून तिला मदत करत होते. आता लांब बसायचं कारण नव्हतं.

अण्णा समोर उकिडवे बसले. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता, पण ते हसत होते. लहान पोरासारखे.

“अक्का,” ते म्हणाले, “काल तू पुन्हा मला वाचवलंस. एवढी वर्षं झाली, अप्पा नाहीत, आई नाही. आता कशाला? आज लीलाला सांगून टाकू.”

“काय सांगायचं?” ती म्हणाली.

“ते फळ कुणी खाल्लं ते.”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. “मी खाल्लं.”

“इथं आता तिसरं कुणी नाही, अक्का. लीला माझीच आहे.”

“मीच खाल्लं, भद्र्या,” ती म्हणाली. अगदी खऱ्या आवाजात. “कालच सांगितलं की.”

अण्णांचं हसू तसंच होतं, पण डोळे हसायचे थांबले. ते जरा पुढं सरकले.

“माझा सदरा कुठं धुतलास?” त्यांनी विचारलं.

“कुठला सदरा?”

“त्या दिवशीचा. साखरेच्या पोत्यामागं लपलो होतो मी. तू सदरा काढून घेतलास, धुतलास. कुठं धुतलास?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग विहिरीकडं. “विहिरीवर,” ती म्हणाली.

“विहिरीवर आई होती,” अण्णा म्हणाले.

तिच्या हातातला कागद खाली पडला. काही बिया मातीत गेल्या. मी त्या वेचायलाही हलले नाही.

मग ती म्हणाली, “मी मार्था.”

अण्णा ऐकत होते.

“मिरजेला दवाखान्यात आया होते. कंपाउंडर वारले तेव्हापासून मी आणि गौराबाई एका खोलीत राहायचो. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, घरून आणलेल्या बियाची ही झाडं पिकली की पहिली टोपली घरी नेऊन दे. मी तेवढंच सांगायला आले होते. देवाशपथ. पण तुम्ही अक्का म्हणालात आणि पायांवर डोकं ठेवलंत. मला कुणी कधी...” पदरानं तोंड पुसून ती उठली. “बाराच्या गाडीनं मी जाते.”

मला आतून संताप आला. म्हणजे मी बरोबर होते. पाटी, उंबरा, तुमचे अप्पा, सगळं बरोबर होतं, आणि एका ऐकीव गोष्टीसाठी मी ते सोडून दिलं होतं. मी ओरडणारच होते. पण अण्णांनी हात वर केला. त्यांना माझ्याकडं बघायला वेळ नव्हता.

“थांब,” ते तिला म्हणाले. “तिनं तुला सांगितलं, तिनं खाल्लं म्हणून?”

“हो.”

“कधी सांगितलं?”

“कधी काय, दरवर्षी. पहिलं फळ कापलं की सांगायच्या. मी खाल्लं, आणि मला घर सुटलं. मीठ लावून मला फोड द्यायच्या आणि हसायच्या.”

“हसायची?”

“हसायच्या. म्हणायच्या, ज्याच्यासाठी एवढं झालं ते खाऊन तरी घे.”

अण्णा मातीत बसले. धोतराची पर्वा न करता, सरळ खाली.

“तिनं खाल्लं नव्हतं,” ते म्हणाले. “मी खाल्लं होतं. सात वर्षांचा होतो. अप्पांचा आवाज ऐकला आणि पोत्यामागं लपलो. तिनं मला शोधून काढलं. सदऱ्यावर सगळा रस सांडलेला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, अक्का, सांगू नकोस, कुणाला सांगू नकोस. शपथ घे म्हटलं. तिनं घेतली. सदरा देवघरातल्या अभिषेकाच्या तांब्यातल्या पाण्यानं धुतला. आणि बाहेर जाऊन म्हणाली, मी खाल्लं.” त्यांनी मातीतली एक बी उचलली. “ती मार खात होती तेव्हा मी आत तापाचं सोंग घेऊन पडलो होतो. मी तोंड उघडलं असतं तर तिचं लग्न झालं असतं. ती कुठंच गेली नसती.”

मार्थाबाई उभी होती ती हळूच पुन्हा बसली.

“मला नाही सांगितलं तिनं,” ती म्हणाली. गौराबाई म्हणायचं ती विसरली होती. “एका चुलीवर जेवलो आम्ही. आजारपणात तिची घाण काढली मी. तिच्या नवऱ्याचं, पोटातच गेलेल्या पोराचं, सगळं सांगितलं मला. शेवटच्या रात्रीसुद्धा हेच म्हणाली, मी खाल्लं.”

“मी शपथ घातली होती,” अण्णा म्हणाले.

“तिला माझ्यापाशी तरी काय भीती होती?” ती म्हणाली आणि रडायला लागली. रागानं रडावं तशी. अण्णाही रडत होते. मी माझ्या बापाला रडताना तेवढं एकदाच पाहिलं. दोघं समोरासमोर बसून एकाच बाईसाठी रडत होते आणि मध्ये तो बियांचा कागद होता.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. “वन्सं! चहा निवतोय! आणि आज मला ते तुमचं बेलवांगं कसं शिजवतात ते दाखवा!”

मार्थाबाईनं डोळे पुसले. “वहिनींना मी सांगते,” ती म्हणाली. “खोटं सांगून त्यांना पाया पडायला लावलं मी. ते पाप घेऊन जायचं नाही मला.”

अण्णा उठले. धोतराची माती झटकली. मग त्यांनी तिला हाताला धरून उठवलं.

“अक्का,” ते म्हणाले, “हाक मारतेय ती तुला. जा.”

“मला?”

“तुलाच. माझ्या बहिणीला जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक आहे, तिनं झाकलं तेवढं सोडून. आता तेही कळलं. मग राहिलं काय?”

ती तशीच उभी होती. तेवढ्यात आईच दारात आली. तिघांचे चेहरे बघून तिचे डोळे बारीक झाले, तिच्या माहेरचे डोळे. तिनं अण्णांकडं पाहिलं, मार्थाबाईकडं पाहिलं आणि मग थेट माझ्याकडं. घरात संशयाच्या बाबतीत ती एका माणसाचाच शब्द मानायची.

“लीले,” ती म्हणाली, “काय झालंय? तुझी खात्री पटली ना पुरती?”

अण्णा बियांचा कागद उचलायला वाकले.

“पटली,” मी म्हणाले. “आत्याच आहे.”